काम झालं, पण गुण आला का? खानदेशात पहिल्यांदा मूल्यमापन करणाऱ्यांसाठी

धडगावकडच्या उपकेंद्रात नव्याने रुजू झालेले समुदाय आरोग्य अधिकारी, साक्री तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या बाई आणि अहिराणीवर प्रबंध लिहायला घेतलेला अमळनेरचा विद्यार्थी, या तिघांची कामं अगदी वेगळी. पण वर्षाअखेर तिघांपुढेही प्रश्न एकच येतो. जे केलं त्याने फरक पडला का, आणि पडला असेल तर ते कशावरून म्हणता?

आपल्याकडे आकड्यांना तोटा नाही. अंगणवाडीच्या नोंदवह्या आहेत, ॲप आहेत, केंद्रावर पाठवायचे तक्ते आहेत. तरी त्यातून उत्तर क्वचितच निघतं, कारण आकडे कशाशी ताडून बघायचे हे आधी कोणी ठरवलेलंच नसतं. वैद्यक, भाषेचा अभ्यास आणि अध्यापन या तिन्ही क्षेत्रांनी यावर आपापले उपाय शोधले आहेत आणि ते एकमेकांच्या कामी येतात. म्हणून हा लेख तिघांसाठी मिळून लिहिला आहे.

पायरी १ : प्रश्न एका वाक्यात लिहा

‘गोष्टीच्या पुस्तकांचा उपक्रम यशस्वी झाला का?’ याला कोणीही ‘हो’ म्हणेल. त्याऐवजी असं लिहा : ‘तिसरीतल्या ज्या मुलांना दिवाळीपर्यंत परिच्छेद वाचता येत नव्हता, त्यांच्यापैकी किती जणांना मार्चअखेर तो वाचता आला, आणि पुस्तकं न मिळालेल्या शाळांमध्ये असे किती निघाले?’ कोण, काय, कधीपर्यंत आणि कशाच्या तुलनेत, हे चारही त्यात आलं.

या वाक्याखाली आणखी दोन ओळी लिहा. उत्तर ‘हो’ आलं तर काय कराल आणि ‘नाही’ आलं तर काय कराल? दोन्ही ओळी सारख्याच होत असतील तर ही मोजणी करू नका. लोकांचा वेळ घेण्याचं काही कारण उरत नाही.

पायरी २ : जे मोजायचं आहे तेच मोजलं जातंय का?

नवख्या माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे थोडं थांबू.

जनगणनेत ‘खानदेशी’ या नावाखाली १९९१ मध्ये साधारण ९ लाख ७४ हजार लोकांची मातृभाषा नोंदली गेली. अहिराणीही याच नावाखाली मोडते. २००१ मध्ये हा आकडा २० लाख ७५ हजारांवर गेला आणि २०११ मध्ये १८ लाख ६० हजारांवर उतरला. दहा वर्षांत बोलणारे दुपटीहून जास्त वाढले आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाखांनी घटले, हे जन्म-मृत्यूच्या हिशेबात बसत नाही. मातृभाषा कोणती असं विचारल्यावर एकच माणूस एकदा ‘अहिराणी’ सांगतो, एकदा ‘मराठी’ सांगतो, आणि सांगितलेली नावं पुढे कोणत्या गटात टाकायची हे वेगळंच ठरतं. जनगणना खोटी आहे असा याचा अर्थ नव्हे. ती लोकांनी सांगितलेलं नाव मोजते. घरात कोणती भाषा बोलली जाते हे तिच्यावरून काढायला गेलात तर चूक तुमची.

म्हणून भाषेच्या अभ्यासकाने तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात : लोक काय सांगतात, त्यांना काय येतं, आणि ते प्रत्यक्षात कोणाशी काय बोलतात. पहिलीसाठी प्रश्न पुरतो. दुसरीसाठी काहीतरी करायला द्यावं लागतं, म्हणजे चित्र बघून गोष्ट सांगणं, ऐकलेलं वाक्य पुन्हा म्हणणं असं काही. तिसरीसाठी ‘तुम्ही अहिराणी बोलता का?’ असं विचारू नका. ‘काल रात्री जेवताना घरात कोण कोणाशी कसं बोललं?’ असं विचारा, आणि आजीशी, नवऱ्याशी, लेकरांशी, दुकानात, दवाखान्यात असे वेगवेगळे रकाने करून लिहा. आजी-आजोबांचा रकाना अहिराणीने भरलेला आणि लेकरांचा मराठीने, असं चित्र दिसलं तर भाषेची वाट कोणीकडे चालली आहे हे तुम्हाला जनगणनेपेक्षा जास्त कळलं.

भाषेबद्दलची आपुलकी किंवा संकोच मोजायचा असेल तर थेट प्रश्न अगदीच कुचकामी. ‘अहिराणीची लाज वाटते का?’ याला समोर बसून कोण हो म्हणेल? मॉन्ट्रियलमध्ये मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये यावर एक युक्ती छापली. दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्या माणसांकडून एकच मजकूर इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये वाचून घेतला. ऐकणाऱ्यांना हे वेगवेगळे लोक आहेत असं वाटलं आणि त्यांनी प्रत्येक आवाजाला हुशारी, विश्वासूपणा, रुबाब यांसाठी गुण दिले. माणूस तोच असल्यामुळे गुणांतला फरक भाषेमुळे आला असं म्हणता आलं. हे धुळ्यात किंवा चाळीसगावात जसंच्या तसं करता येतं. एकाच बाईंकडून अहिराणीत आणि शाळेच्या मराठीत तोच मजकूर वाचून घ्या, मध्ये दुसरे आवाज घाला आणि महाविद्यालयातल्या मुलांना ऐकवा. प्रयोग झाल्यावर मात्र खरं काय होतं ते मुलांना सांगा.

बोलीचे नमुने गोळा करताना वाक्यं भाषांतराला देऊ नका. इंग्रज राजवटीतले अधिकारी जॉर्ज ग्रिअर्सन यांनी केलेल्या भारताच्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशी १९०७ च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली बोलींच्या सोबत आली. त्या सर्वेक्षणात सगळ्या भाषांसाठी बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या दाखल्याचं भाषांतर मागवलं जाई. त्यामुळे शेकडो बोली एका मापाने ताडता आल्या, हे मोठंच काम. पण भाषांतर करताना माणूस मूळ वाक्याच्या चालीने चालतो. त्यात त्याची स्वतःची बोली अर्धीच उतरते. आजही मराठी वाक्य देऊन ‘हे अहिराणीत सांगा’ म्हटलं की मराठीच्या वळणाची अहिराणी हाती येते. त्यापेक्षा आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) झोक्याबद्दल विचारा, कानबाई देवीच्या रोटाबद्दल विचारा आणि गप्प बसा. पहिली पाच मिनिटं माणूस रेकॉर्डरकडे बघून बोलतो, नंतर विसरतो. विश्लेषणाला नंतरचा भाग घ्या.

आता वर्ग. मुलाने ‘डोळा’ हा शब्द ‘डोया’ वाचला. वाचनचाचणीत ही चूक धरायची का? यावल-रावेरकडच्या लेवा गणबोलीत आणि अहिराणीतही ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. मुलाने अक्षर ओळखलं, अर्थ लागला आणि घरच्या उच्चारात म्हटलं. चाचणी वाचनाची असेल तर हे बरोबर आहे, आणि मी हे ठामपणे म्हणतो. त्याला चूक धरलंत तर तुमचा तक्ता मुलाचं वाचन मोजत नाही, त्याची आई कुठल्या गावची हे मोजतो. धडगावकडची पावरी बोलणारी किंवा नवापूरकडची मावची बोलणारी मुलं मराठीतून गणिताचा शाब्दिक प्रश्न चुकतात तेव्हाही हाच संशय धरा. तेच गणित त्यांच्या बोलीत तोंडी विचारून बघा. तिथे बरोबर आलं तर मुलाला गणित येतं. अडचण भाषेची आहे आणि उपाय वेगळा आहे.

दवाखान्यातही तसंच. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीसाठी सोल्युबिलिटी चाचणी वापरतात. रक्तात ‘एस’ हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच ती सांगते. माणूस एएस म्हणजे नुसता वाहक आहे की एसएस म्हणजे रुग्ण, हे तिला कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, त्यामुळे तिथे ही चाचणी फसते. नुकतंच रक्त चढवलेल्या माणसातही फसू शकते. तेव्हा ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’ आणि ‘सिकलसेलचे रुग्ण’ हे एका रकान्यात लिहू नका. त्या एका रकान्यापायी एखाद्या मुलीचं लग्न मोडू शकतं.

पायरी ३ : दोघांनी स्वतंत्र मोजून बघा

काम सुरू करण्याआधी एक दिवस यासाठी राखा. दंडाच्या घेराची टेप घ्या. डाव्या हाताचा खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून मोजायचं. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी असेल तर ते सॅम (तीव्र कुपोषित), ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर मॅम (मध्यम कुपोषित). टेप जरा आवळली की दोन-तीन मिलिमीटर जातात, आणि मॅमचं बाळ सॅम होतं. दहा-वीस बाळं अंगणवाडीताईंनी मोजावीत, तीच पर्यवेक्षिकेने पहिला आकडा न बघता मोजावीत, मग शेजारी ठेवून बघावं. फरक मोठा असेल तर आधी हात सारखे करा.

रेकॉर्डिंग ऐकून नोंद करतानाही हेच. समजा १०० शब्द दोघांनी ऐकले आणि प्रत्येकात ‘ळ’ आहे की ‘य’ ते लिहिलं. ७२ ठिकाणी दोघांनी ‘य’ लिहिला, १२ ठिकाणी दोघांनी ‘ळ’. उरलेल्या १६ ठिकाणी मतभेद, आठ इकडचे आणि आठ तिकडचे. म्हणजे ८४ टक्के जुळलं. ऐकायला छान वाटतं. पण दोघांनीही ८० वेळा ‘य’ लिहिला आहे. न ऐकता नुसत्या सवयीने त्याच प्रमाणात लिहीत गेले असते तरी ६८ ठिकाणी जुळलंच असतं (‘य’चे ६४ आणि ‘ळ’चे ४). ६८ च्या वर जुळण्याला जागा ३२ ची होती, त्यातले १६ मिळाले. म्हणजे ०.५. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कप्पा’ तो हाच. ०.५ वर समाधान मानू नये असं माझं मत. मतभेदाचे १६ शब्द पुन्हा एकत्र ऐका, कुठे शंका आली ते बोला, नियम लिहून ठेवा आणि नव्या १०० शब्दांवर परत करून बघा.

पायरी ४ : चाचणी तीच, गाव बदललं की अर्थ बदलतो

हा भाग आरोग्यातल्या नव्या मंडळींनी कागद-पेन घेऊन वाचावा.

समजा एक चाचणी आहे. दोष असलेल्या १०० जणांपैकी ९५ जणांना ती पकडते, ही तिची संवेदनशीलता. दोष नसलेल्या १०० पैकी ९५ जणांना ती ‘नाही’ म्हणते, ही तिची विशिष्टता. सातपुड्यातल्या अशा एका गावात ती वापरा, जिथे हजारात २०० जणांना दोष आहे. त्यातले १९० सापडतील. उरलेल्या ८०० निरोगी लोकांपैकी ४० जण उगाच पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह २३०, त्यातले खरे १९०, म्हणजे सुमारे ८३ टक्के.

आता तीच चाचणी अशा गावात न्या, जिथे हजारात २० जणांनाच दोष आहे. सापडतील १९. निरोगी ९८० पैकी ४९ उगाच पॉझिटिव्ह. एकूण ६८, त्यातले खरे २८ टक्के. पॉझिटिव्ह आलेल्या दर चौघांपैकी जवळजवळ तिघे निरोगी! चाचणी बिघडलेली नाही, हातही तोच. तेव्हा पक्की तपासणी होईपर्यंत घरी जाऊन काय सांगायचं आणि काय नाही, याचे शब्द गावागणिक ठरवावे लागतात.

शिक्षकांनाही हे लागू आहे. ‘अध्ययन अक्षम’ असा शिक्का मारणारी छोटी प्रश्नावली अख्ख्या वर्गाला लावली की त्यात बरीच चांगली मुलं अडकतात.

पायरी ५ : तुलनेला कोणाला तरी ठेवा

आधी मोजलं, मग काम केलं, मग पुन्हा मोजलं आणि आकडा वाढला. हे पुरेसं का नाही? खानदेशातली दोन कारणं सांगतो.

पहिलं, ऋतू. पावसाळ्यात जुलाब-ताप असतात, घरातलं धान्य संपत आलेलं असतं आणि आई शेतात असते. बाळांची वजनं तेव्हा घसरतात आणि पिकं घरात आल्यावर सावरतात. ऑगस्टला मोजून जानेवारीत परत मोजलंत तर मधल्या काळात तुम्ही काहीही केलं नसतं तरी सुधारणा दिसेल. ऑगस्टची तुलना पुढच्या ऑगस्टशी करा.

दुसरं, तळातून निवड. वर्गातली सगळ्यात कमी गुणांची दहा मुलं घेतलीत तर त्यातली काही त्या दिवशी आजारी होती, काही उपाशी आली होती. पुढच्या चाचणीत ती आपोआप वर येतात. कुपोषित बाळांसाठीच्या ग्राम बाल विकास केंद्रात निवडलेल्या बाळांचंही काही अंशी असंच होतं. म्हणून त्याच तळातल्या, पण उपक्रम न मिळालेल्या मुलांचा गट सोबत हवा.

तसा गट कसा करायचा हे १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीवरून शिकावं. क्षयावरचं हे औषध ब्रिटनमध्ये तेव्हा फार थोडं होतं, सगळ्यांना पुरणारं नव्हतं. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी वाटणी बंद पाकिटांत ठेवली. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे त्याला दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरलाही माहीत नसे. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ दगावले, दुसऱ्यात १४. एक्स-रे वाचणाऱ्यांनाही कोणाला काय मिळालं ते सांगितलेलं नव्हतं.

यातलं सगळं आपल्याला करता येतं. तुमच्या शाळांच्या केंद्रात २० शाळा आहेत आणि पुस्तकांचे संच १० च आलेत, तर ओळखीच्या किंवा रस्त्यालगतच्या शाळांना देऊ नका. शिक्षण परिषदेत सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाका. वाटप न्याय्य होतं आणि तुलनेचा गटही मिळतो. राहिलेल्या शाळांना पुढच्या वर्षी संच द्यायचं तिथेच ठरवून टाका. मुलांचं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या केंद्रातल्या शिक्षकांना शाळेचं नाव न सांगता ऐकवा. आपल्या वर्गातलं मूल अडखळलं तरी आपल्या कानाला ते वाचलं असंच वाटतं, यात माया आहे, लबाडी नाही.

एक मर्यादा मात्र पाळायची. ज्याचा उपयोग आधीच सिद्ध आहे ते तुलनेसाठी कोणाचंही अडवायचं नाही. सॅम बाळाला आहार आणि औषध मिळालंच पाहिजे. तिथे तुलना दोन पद्धतींमध्ये करा, उदाहरणार्थ आठवड्याला एक गृहभेट आणि दोन गृहभेटी.

पायरी ६ : कोण सुटलं?

नवापूर, साक्री, अक्कलकुवा या भागांतून दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. तुमची पहिली चाचणी सप्टेंबरात आणि दुसरी फेब्रुवारीत असेल तर दुसऱ्या वेळी वर्गात बसलेली मुलं ही स्थलांतर न करणाऱ्या घरांतली आहेत. सरासरी वाढलेली दिसेल, कारण जी मुलं सर्वाधिक मागे पडतात ती यादीतूनच गेली. सरासरी दोनदा काढा : एकदा सगळ्यांची, एकदा फक्त दोन्ही वेळा हजर असलेल्यांची. गेलेल्यांची पहिल्या वेळची पातळी वेगळी लिहा. जमलं तर आखाजीच्या सुमारास, कुटुंबं परतल्यावर, तिसरी फेरी घ्या.

नमुना निवडताना सातपुड्यातलं गाव म्हणजे लांब लांब विखुरलेले पाडे हे विसरू नका. जीप जाते त्या पाड्यावरची घरं मोजून ‘गावाचा सर्व्हे’ लिहिला जातो. आधी पाड्यांची यादी करा, चिठ्ठीने पाडे निवडा, मग पाड्यातली घरं. १०० जणांच्या चिठ्ठीने निवडलेल्या नमुन्यात निम्मे ‘हो’ आले तर खरं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं. सगळे एकाच पाड्यातले असतील तर त्याहूनही अनिश्चित.

पायरी ७ : परवानगी

संशोधन म्हणून काम करत असाल तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी सुरुवातीलाच घ्या, मागाहून ती मिळत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते, आणि सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचाही होकार घ्यावा लागतो. संमतीपत्र पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्याने तोंडी समजावून सांगावं, नुसता अंगठा घेऊ नये. तपासणीच्या यादीवर नावाऐवजी क्रमांक टाका, आणि नाव-क्रमांकाची वही वेगळ्या कपाटात कुलपात ठेवा.

पायरी ८ : लिहिताना आणि सांगताना

वर्गात २० मुलं असतील तर ‘१५ टक्के वाढ’ असं लिहू नका. ‘२० पैकी १२ वाचत होते, आता १५ वाचतात’ असं लिहा. वाचणाऱ्याला आकड्याचा जीव लगेच कळतो. तुलनेच्या गटाचा आकडा त्याच ओळीत हवा. ते १० वरून १३ वर गेले असतील तर तुमची तीनची वाढ उपक्रमामुळे झाली असं म्हणता येत नाही, आणि हे तुम्हीच पहिल्यांदा लिहायला हवं. फरक पडला नाही असा अहवालही केंद्रप्रमुखांना किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पूर्ण पाठवा. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणी तेच संच विकत घेण्याआधी तो वाचायला हवा.

मग निकाल ज्यांच्याकडून आकडे घेतले त्यांच्याकडे घेऊन जा. शाळेचा निकाल पालकसभेत, आरोग्याचा ग्रामसभेत, बोलीचा ज्या ओट्यावर बसून रेकॉर्डिंग केलं तिथे. एकट्या घराची माहिती सभेत सांगायची नाही, ती त्या घरीच. सांगून झाल्यावर विचारा, ‘तुम्हाला हा आकडा बरोबर वाटतो का?’ आणि जे उत्तर येईल ते बोलीतच लिहून अहवालाला जोडा. मोजणीच्या महिन्यात गावात जत्रा होती, शिक्षक रजेवर होते, त्या पाड्यावर गोवर आला होता, अशा गोष्टी नोंदवहीत कुठेच नसतात. त्या याच सभेत कळतात.